वाळवंटातले विषारी साप: खण कसे पाडावेत?

मरुत (धागाकर्ता)
जगातल्या सगळ्या मोठ्या वाळवंटांमधल्या विषारी सापांची एक यादी करतो आहे. पुस्तकांतल्या याद्या देशानुसार नाहीतर कुळानुसार असतात आणि नवख्या वाचकाला दोन्ही जड जातात. म्हणून दिसणं आणि वागणं धरून चार खण करावेत असं माझं मत आहे:

एक, डोळ्यांवर शिंगं असलेले. दोन, आडवे-तिरके सरकणारे. तीन, वाळूत अंग पुरून फक्त डोळे बाहेर ठेवणारे. चार, उरलेले लांब अंगाचे, नाग-मण्यारीकडचे.

वाळवंट माणसाळलेलं नसतं, तिथे साप क्षणभरच दिसतो. तेवढ्यात दिसेल त्यावरूनच वर्गीकरण हवं. जाणकारांनी सांगावं, यात कुठे अडेल?

खवलेमोजा
पहिल्याच खणात अडेल. शिंगवाल्यांची नावं ओळीने मांडून बघा.

सहारातला सेरास्टिस सेरास्टिस. अरबस्तानातला सेरास्टिस गॅस्परेटी, ज्याला १९६७ मध्ये स्वतंत्र नाव मिळालं. इराणकडचा स्युडोसेरास्टिस पर्सिकस. दक्षिण आफ्रिकेतला बायटिस कॉडॅलिस. अमेरिकेतला साइडवाइंडर रॅटलस्नेक, क्रोटॅलस सेरास्टिस. पाच साप, चार प्रजाती (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट), आणि शिंग प्रत्येक प्रजातीत वेगळ्या वाटेने आलेलं.

शिंगाची घडणही एक नाही. सेरास्टिसचं शिंग म्हणजे एकच लांबट, टोकदार खवला. स्युडोसेरास्टिसच्या डोळ्यावर लहान लहान खवल्यांचा उंचवटा असतो, तो लांबून शिंगासारखा दिसतो, म्हणून तर नावात 'स्युडो'. कॉडॅलिसच्याच प्रजातीतल्या बायटिस कॉर्नुटाच्या डोळ्यावर एकाऐवजी अनेक शिंगांचा तुराच असतो. साइडवाइंडरमध्ये डोळ्यावरचा रुंद खवला वर उचलला गेलेला आहे, आणि तो खाली मुडपून डोळा झाकता येतो.

शिवाय सेरास्टिस सेरास्टिसमध्ये बिनशिंगांचे साप नेहमी सापडतात, एकाच भागात दोन्ही प्रकार. म्हणजे तुमच्या यादीत एकच जात शिंगवाली म्हणून एका खणात आणि बिनशिंगांची म्हणून दुसऱ्या खणात जाईल.

तिरकामाग
आणि आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या नामिब वाळवंटातला बायटिस पेरिंग्वेयी? तो तिरका सरकतो, वाळूतही पुरून बसतो. दुसरा खण की तिसरा?

मरुत
दोन्हीत लिहिला तर चालणार नाही का? वर्गीकरण वाचकासाठी आहे, सापासाठी नाही.

खवलेमोजा
एखादा असता तर चाललं असतं. पण पेरिंग्वेयी, सेरास्टिस व्हायपेरा, बलुचिस्तानचा एरिस्टिकोफिस मॅकमेहोनी आणि साइडवाइंडर, चौघेही दोन्ही खणांत जातात. मग खण दोन कशाला?

सैल वाळूत पुढे ढकलायला टेकू मिळत नाही. म्हणून अंगाचा एक भाग उचलून पुढे टाकायचा आणि दुसरा टेकवून ठेवायचा, ही युक्ती वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे आली. तसंच पुरून बसणं. बरगड्या पसरून अंग चपटं करायचं आणि दोन्ही बाजूंनी वाळू उपसत सरळ खाली उतरायचं. सहारातला सेरास्टिस व्हायपेरा हे करतो आणि त्याच्याशी दूरचंच नातं असलेला नामिबचा पेरिंग्वेयीही करतो. दोघांचे डोळे कपाळाकडे सरकलेले, कारण गरज एकच.

वाळवंट हा सापाचा पत्ता झाला. आडनाव कुळावरूनच लावावं लागतं. माझ्या मते मुख्य खण असे:

घोणसकुळ, उपकुळ पहिलं: खऱ्या घोणसी. पुढचे लांब दात दुमडणारे, डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये खळगा नाही. सेरास्टिस, स्युडोसेरास्टिस, फुरशांची एकिस प्रजाती, एरिस्टिकोफिस, बायटिस.

घोणसकुळ, उपकुळ दुसरं: चापडे. दात तसेच, पण उष्णता टिपणारा खळगा आहे. सगळे रॅटलस्नेक यात.

नागकुळ: पुढचे दात आखूड आणि न दुमडणारे. नाग, मण्यार, वॉल्टरइनेशिया (काळा, फणा न काढणारा), प्रवाळसर्प आणि ऑस्ट्रेलियातले जवळपास सगळे घातक भूचर साप.

चौथा खण लहान पण महत्त्वाचा: अट्रॅक्टॅस्पिस, म्हणजे तोंड मिटूनही बाजूला दात काढणारे बिळातले साप.

मागच्या दातांचे निमविषारी साप, म्हणजे सॅमोफिससारखे वाळूसर्प, तळटीपेत जातील. उंदीर-सरड्यांना त्यांचं विष पुरतं, माणसाला सहसा मोठा धोका नसतो.

उंबरछाया
अनुमोदन. फक्त 'सेरास्टिस' या शब्दाने नवखे हमखास फसतात ते यादीत ठळक लिहा. आफ्रिका-अरबस्तानात ते प्रजातीचं नाव आहे, अमेरिकेत क्रोटॅलसमधल्या एका जातीचं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ फक्त 'शिंगवाला'. नात्याचा त्यात काही पुरावा नाही.

गारगोटी
थोडं अवांतर: प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत 'फ' या उच्चाराचं चिन्ह हा शिंगवाला सापच आहे. डोक्यावर दोन छोट्या रेघा आणि आडवं अंग. हजारो वर्षांपूर्वीच्या लेखनिकांनाही ओळख पटवायला शिंगंच पुरेशी वाटली होती, तेव्हा मरुत यांची बाजू अगदीच लंगडी नाही!

मरुत
गारगोटी, आभार. :)
खवलेमोजा, कुळांचं पटतंय. पण उष्णतेचा खळगा बघायला कोणी सापाच्या तोंडाजवळ जाणार नाही. मग प्रदेशावरून कुळ ठरवता येईल का? जुन्या जगात खऱ्या घोणसी, अमेरिकेत चापडे, ऑस्ट्रेलियात नागकुळ, असं सरळ सूत्र?

तिरकामाग
बरंचसं खरं. पण कडेला चार ठिकाणी फाटतं, तेवढं शिवून घ्या.

सहारा आणि अरबस्तान: सेरास्टिसच्या जाती, फुरशांच्या जाती, आणि नागकुळातून नाया हाये, अरबी नाग व वॉल्टरइनेशिया. छोट्या वाळवंटी बायटिस इथे नाहीत. मोठी, फुगणारी बायटिस एरिएटन्स मात्र मोरोक्कोच्या दक्षिणेला आणि अरबस्तानच्या नैर्ऋत्य डोंगराळ भागात पोचलेली आहे.

नामिब आणि कलाहारी: बरोबर उलटं. सेरास्टिस नाही, फुरसं नाही. त्यांची जागा बायटिसनं घेतलेली: पेरिंग्वेयी, कॉडॅलिस, झेरोपागा, आणि श्नायडेरी. श्नायडेरी जगातल्या सर्वांत लहान घोणसींपैकी आहे, एक फुटाच्या आतच. नागकुळातून केप नाग, म्हणजे नाया निव्हिया.

इराण, बलुचिस्तान, थर: स्युडोसेरास्टिस, एरिस्टिकोफिस, सोचुरेकी फुरसं (फुरशाचा इकडचा मोठा प्रकार), सिंधी मण्यार. एरिस्टिकोफिस फक्त पाकिस्तान-इराण-अफगाणिस्तान सीमेलगतच्या वाळूत, बाकी कुठेही नाही. नाकावरचे खवले फुलपाखराच्या पंखांसारखे पसरलेले असतात.

मध्य आशिया आणि गोबी: इथे सूत्र फाटतं. ग्लॉयडियस हॅलिस हा चापडा आहे, डोळा-नाकपुडीमध्ये खळगा आहे, आणि राहतो जुन्या जगातल्या थंड, रखरखीत प्रदेशात. 'जुन्या जगाच्या वाळवंटात चापडे नाहीत' असं लिहिलंत तर तो एकटा ते खोटं ठरवतो.

उत्तर अमेरिकेतली मोहावी, सोनोरा, चिवावा: रॅटलस्नेक. पण नागकुळही आहे, सोनोराचा छोटा प्रवाळसर्प मायक्रुरॉइडिस.

दक्षिण अमेरिका: पेरूच्या किनारी वाळवंटात बोथ्रॉप्स पिक्टस, पॅटागोनियाच्या कोरड्या माळावर बोथ्रॉप्स अॅमोडिटॉइडिस. चिलीत मात्र पुढच्या दातांचा एकही विषारी भूचर साप नाही. अटाकामा जगातलं सर्वांत कोरडं वाळवंट म्हणून तिथे भयंकर साप असणार, असं पुष्कळांना वाटतं. तिथे मागच्या दातांचे निमविषारीच.

ऑस्ट्रेलिया: घोणसकुळ शून्य.

निशाचर७
ऑस्ट्रेलियाबद्दल एक भर. तिथे घोणसी पोचल्याच नाहीत, म्हणून घोणसीचं काम नागकुळातल्याच एकानं उचललं. अॅकॅन्थोफिस पायरस, वाळवंटी डेथ अॅडर: आखूड जाड अंग, रुंद डोकं, दबा धरून बसणं, शेपटीचं टोक अळीसारखं हलवून सरड्याला जवळ बोलावणं. नावातही 'अॅडर' शिरलं. फोटो बघून भले भले त्याला घोणस म्हणतात, आणि दात बघितले तर नागकुळ.

सेरास्टिस व्हायपेराही शेपटी अशीच हलवतो. पण या कलेचा कळस पश्चिम इराणमध्ये आहे. स्युडोसेरास्टिस युरारॅक्नॉइडिसच्या शेपटीवर कोळ्यासारखा गोळा आणि लांब खवल्यांचे 'पाय' असतात. पक्षी कोळी टिपायला येतो आणि स्वतःच टिपला जातो. पहिला नमुना १९६८ चा. शेपटीवर गाठ आली असावी किंवा त्या एकाच सापात ते व्यंग असावं, अशी शंका होती. दुसरा तसाच साप मिळाल्यावर २००६ मध्ये नवी जात म्हणून वर्णन झालं. एकाच नमुन्यावर किती भिस्त ठेवायची याचं हे चांगलं उदाहरण आहे.

पाणवठा
जगातला सर्वांत विषारी साप इनलँड टायपन, तोही वाळवंटातलाच. यादीत त्याला पहिला क्रमांक द्या.

निशाचर७
पाणवठा, क्रमांक नको. उंदरांवरच्या चाचणीत त्याचं विष भूचर सापांत सर्वांत जहाल ठरलं, हे खरं. पण तो वाळूच्या टेकड्यांवरचा नाही. क्वीन्सलंडचा नैर्ऋत्य कोपरा आणि लगतचं दक्षिण ऑस्ट्रेलिया, तिथल्या भेगाळलेल्या चिकणमातीच्या मैदानांवर राहतो. लांब केसांच्या उंदरांची पैदास वाढली की हाही वाढतो. १८७९ मध्ये वर्णन झालं आणि नंतर १९७२ पर्यंत जवळजवळ बेपत्ताच होता. माणसाशी गाठच पडत नाही. फुरशाचं विष त्याच्यापुढे सौम्य, पण फुरसं शेतात, वाटेवर, दगडाखाली, माणसाच्या पायाशी असतं. जहालपणा आणि धोका यांचे रकाने वेगळे ठेवा.

सावधपाऊल
अट्रॅक्टॅस्पिसबद्दल कोणीच लिहिलं नाही. काळा, गुळगुळीत, बारीक डोळ्यांचा, बिळात राहणारा. साप पकडणारे सवयीने मानेमागे धरतात तसा हाही धरता येईल ना?

कडुनिंब
नाही. कृपया हे कोणी करू नये.

बाकी सापांना चावायला तोंड उघडावं लागतं, म्हणून मानेमागची पकड चालते. अट्रॅक्टॅस्पिसचा दात तोंड मिटलेलं असतानाच ओठाच्या कडेतून बाजूला बाहेर येतो, आणि तो मागच्या दिशेनं भोसकतो. मानेमागे धरलेलं बोट नेमकं त्या टप्प्यात असतं. याला हाताने धरायची सुरक्षित जागाच नाही. लांब आकडी आणि झाकणाचं भांडं, एवढंच.

सिनाई, इस्राएल, जॉर्डन आणि अरबस्तान इथली जात अट्रॅक्टॅस्पिस एंगाडेन्सिस. तिच्या विषातली सॅराफोटॉक्सिनं ही आपल्याच रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तयार होणाऱ्या एंडोथेलिनसारखी असतात. हृदयाच्या धमन्या आवळतात, ठोक्यांची लय बिघडते. घोणसीच्या दंशासारखी सूज किंवा रक्तस्राव बघत बसलं तर खरी गोष्ट हुकते. अशा रुग्णाला लगेच हृदयाचा आलेख लागतो.

तिथेच वॉल्टरइनेशियाही काळा, चकचकीत आणि रात्री फिरणारा. नागकुळातला असून फणा काढत नाही. पश्चिमेकडे इजिप्शिया, पूर्वेकडे इराक-इराण बाजूला मॉर्गानी, अशा आता दोन जाती मानतात. काळा साप दिसला की 'वाळूसर्प असेल' म्हणून हात घालणं या पट्ट्यात फार महागात पडतं.

मरुत
हे माहीत नव्हतं. चौथा खण लहान असला तरी लाल शाईत छापतो.
आता फुरशाबद्दल. एकिस कॅरिनेटस एकच जात ना? मग कॅरिनेटस आणि सोचुरेकी असे दोन उल्लेख करायची गरज आहे का? वाचक गोंधळतील.

कडुनिंब
वाचक थोडा गोंधळला तरी चालेल, पण हा उल्लेख गाळू नका. उपचारात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

द्वीपकल्पीय भारतातलं कॅरिनेटस लहान चणीचं. राजस्थान, पाकिस्तान, इराण ते ओमान-अमिराती इथलं सोचुरेकी अंगाने बरंच मोठं; राजस्थानात त्याला बांडी म्हणतात. भारतातलं सर्पविषरोधी औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषांवर बनतं, आणि त्यासाठीचं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा सहकारी संस्थेकडून येतं. म्हणजे औषध दक्षिणेच्या फुरशावर बेतलेलं आणि रुग्ण थरच्या फुरशाचा. पश्चिम राजस्थानातल्या रुग्णांमध्ये भरपूर कुप्या देऊनही रक्त गोठत नाही, असे वैद्यकीय अहवाल आहेत.

आफ्रिकेत हाच प्रश्न याहून कडवट झाला. पश्चिम आफ्रिकेत मुख्य फुरसं एकिस ऑसेलेटस. घाना आणि चाडमध्ये भारतीय फुरशावर बनवलेलं औषध वापरल्यावर मृत्यू वाढले. लेबलवर 'फुरसं' होतं, पण जात वेगळी होती. वर्गीकरणाला कोणी नुसती नावांची हौस म्हणालं की हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा.

फुरशाचं विष प्रोथ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या घटकाला चेतवतं. रक्तात ठिकठिकाणी गोठण सुरू होते, त्यात फायब्रिनोजेन हे गोठणीला लागणारं प्रथिन खर्ची पडतं आणि मग जखमेवर गोठायला काहीच उरत नाही. ते ओळखायला वीस मिनिटांची चाचणी. ती बहुतेक वेळा हातानेच चुकते, म्हणून नीट लिहितो:

शिरेतलं ताजं रक्त २ मिली. नळी काचेची, कोरडी, नवी किंवा साबणाच्या पावडरीने कधीच न धुतलेली. खोलीच्या तापमानाला २० मिनिटं उभी, अजिबात न हलवता. मग एकदाच आडवी करायची. रक्त वाहिलं तर गोठण बिघडली आहे. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाचा अंश राहिलेल्या काचेत निरोगी माणसाचंही रक्त गोठत नाही, आणि मग नको त्याला औषध दिलं जातं. मध्येच हलवून बघितलं तरी चाचणी वाया. नळीबद्दल शंका असेल तर शेजारी निरोगी माणसाच्या रक्ताची दुसरी नळी ठेवा. औषध दिल्यावर दर ६ तासांनी पुन्हा.

सावधपाऊल
आणि घट्ट पट्टी? ऑस्ट्रेलियात तर पूर्ण हातापायाला पट्टी गुंडाळायला सांगतात.

कडुनिंब
तिथे नागकुळ आहे म्हणून. चेतासंस्थेवर काम करणारं विष लसिकामार्गे पसरतं, ते दाबून आणि हालचाल थांबवून लांबवता येतं. घोणसकुळाच्या विषानं जागचं मांस कुजतं. तिथे दाब देऊन विष एका जागी कोंडलं तर नुकसान वाढायची भीती असते. म्हणून फुरसं किंवा सेरास्टिस असेल तर अंगठी-कडं काढा, हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर करा, चालू देऊ नका, आणि इस्पितळ गाठा. चिरणं, चोखणं, दोरी आवळणं कुठल्याच कुळात नाही.

गारगोटी
थरचा विषय निघालाच आहे तर पीवणा नावाचा साप. झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून श्वास 'पितो' अशी समजूत. यादीत घ्यायचा का?

खवलेमोजा
मण्यार म्हणून घ्या, श्वास सोडून द्या. रात्री जमिनीवर झोपलेल्याला ती चावते, दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पापण्या मिटतात, गिळता येत नाही, श्वास मंदावतो. बघणाऱ्याला श्वास चोरल्यासारखंच वाटणार. समजुतीतलं निरीक्षण अचूक आहे, फक्त त्यामागचं कारण चुकलं.

थरमध्ये साधी मण्यार आणि सिंधी मण्यार दोन्ही आहेत. अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी मोजायच्या: साध्या मण्यारीला १५, सिंधी मण्यारीला १७. मोजणी मेलेल्या सापावर किंवा कातेवर. मेलेल्या सापाचं डोकंही हातात धरायचं नाही, काही काळ ते चावू शकतं.

उंबरछाया
मोहावी रॅटलस्नेकचाही उल्लेख हवा. क्रोटॅलस स्कुटुलेटस ही एकच जात, पण बऱ्याच भागांत तिच्या विषात चेतासंस्थेवर घाला घालणारं मोहावी टॉक्सिन आहे, आणि मध्य अॅरिझोनातल्या काही सापांत ते नाहीच, तिथे रक्तस्राव घडवणारं विष. जातीचं नाव बरोबर असूनही गाव माहीत नसेल तर लक्षणांचा अंदाज चुकेल.

आणि कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या सांता कॅटलिना बेटावरचा क्रोटॅलस कॅटलिनेन्सिस. रॅटलस्नेक, पण खुळखुळाच नाही! 'आवाज आला नाही म्हणजे रॅटलस्नेक नाही' हे वाक्य यादीत नको.

मरुत
ठीक, मूळ खण मोडीत काढले. नवा साचा: पहिला रकाना कुळ, दुसरा वाळवंट, तिसरा जात. दिसणं-वागणं शेवटच्या रकान्यात, ओळखीपुरतं. नकाशात प्रत्येक जातीचा पट्टा रंगवून देतो.

तिरकामाग
पट्टा रंगवताना जमीन बघा. अख्खं वाळवंट रंगवलं की नकाशा खोटा होतो. सेरास्टिस व्हायपेरा सैल टेकड्यांवर. सेरास्टिस सेरास्टिस त्यामानाने घट्ट वाळू आणि झुडपांच्या सपाटीवर. एकिस कोलोरेटस दगडी उतारांवर आणि घळींत. वॉल्टरइनेशिया आणि नाग जास्त करून ओलावा असेल तिथे, मरूद्यान आणि शेतीच्या कडेला. शंभर किलोमीटरच्या चौकोनात हे सगळेच असतील, पण एकाच दगडाखाली नाही.

मागावरूनही नोंद धरता येते. तिरक्या सरकणाऱ्याच्या रेघा सुट्या, एकमेकींना समांतर, आकड्यासारख्या टोकाच्या. आकडा ज्या बाजूला वळतो तिकडे साप गेला. माग पहाटे बघा, वारा सुटला की पुसतो. पण मागावरून जात लिहू नका. सोचुरेकी फुरसं आणि सेरास्टिस दोघांचा माग सारखाच, आणि अरबस्तानाच्या पूर्व भागात दोघेही आहेत.

मरुत
मग त्या दोघांना अंतरावरून वेगळं कसं करायचं? दोघेही अंगावरचे खवले घासून खरखर करतात.

खवलेमोजा
आवाजावरून नाही. शिंग असेल तर सेरास्टिस नक्की, नसेल तर काहीच नक्की नाही. फोटो मिळाला तर दोन जागा बघा. फुरशाच्या डोक्यावर बऱ्याचदा फिकट, बाणासारखी किंवा क्रुसासारखी खूण असते. आणि शेपटीच्या खालचे खवले: फुरशाला एकेरी ओळ, सेरास्टिसला दुहेरी. दुसरी खूण जास्त भरवशाची, पण ती कातेवर किंवा मेलेल्या सापावरच दिसेल. कात मिळाली तर शेपटीकडचा तुकडा फाटू न देता कागदात ठेवा, वर ठिकाण आणि तारीख लिहा.

मरुत
फुरशांच्या ओळींत 'कुठे सापडलं' हा रकाना जातीच्या आधी घेतो, कडुनिंब यांच्या मुद्द्यासाठी. गोबीत ग्लॉयडियस, चिलीपुढे 'पुढच्या दातांचा एकही नाही', आणि जमिनीचा रकाना. सुधारलेली यादी याच धाग्यावर टाकतो. खवल्यांच्या ओळींचे आकडे खवलेमोजा यांनी एकदा तपासून द्यावेत.

खवलेमोजा
देतो. मण्यारीपासून सुरू करू.